‘मुलं झालीत ना, मग काढून टाकू’

आज सकाळी लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या वहिनी भेटल्या. सोमवारी ॲडमिट होतायत. गर्भाशयात फायब्रॉइडच्या गाठी आहेत, पाळीत अंगावरून फार जातं, हिमोग्लोबिन पार खाली आलंय, म्हणून पिशवी काढायची. मी विचारलं, "दुसरा काही उपाय सांगितला का?" तर म्हणाल्या, "नाही हो. डॉक्टर म्हणाले, मुलं झालीत ना, मग ठेवून काय करायचंय? काढून टाकू."

तेव्हापासून डोकं तापलंय.

आणि योग बघा, कालच भाचा जेवायला आला होता. तो इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट आहे. म्हणजे मांडीतून किंवा मनगटातून बारीक नळी आत सरकवायची, एक्स-रेच्या पडद्यावर बघत रोगाच्या जागी पोचायचं आणि तिथेच उपचार करायचा. अमेरिकेत या डॉक्टरांच्या सोसायटीची दरवर्षी वैज्ञानिक परिषद भरते, तिथे सध्या काय गाजतंय ते मोबाइलवर दाखवत होता. झिजलेल्या गुडघ्याच्या सुजलेल्या अस्तराला रक्त नेणाऱ्या बारीक धमन्या बंद करून दुखणं कमी करायचं. वाढलेल्या प्रोस्टेटचा रक्तपुरवठा तोडून तो आकसवायचा. फुफ्फुसात अडकलेली गुठळी नळीने ओढून काढायची. यकृतातली गाठ सुई घालून जागेवर जाळायची. म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात पडल्यावर रक्त साचतं ना, ते पुन्हा पुन्हा साचू नये म्हणून मेंदूच्या आवरणातली धमनीच बंद करायची. मी ऐकतेय आणि मनात एकच, यातलं आपल्या ठाण्यात कोणाला माहितीय?

आमच्या आईला माहीत नव्हतं. आम्हालाही नव्हतं. चपलेने बोट घासलं, मधुमेह जुना, बोट काळं पडलं. एका हॉस्पिटलमध्ये सर्जन आले, पाय बघितला आणि म्हणाले, गुडघ्याखालून काढावा लागेल, उद्या सकाळी घेऊ. नर्सने संमतीचा कागद माझ्या हातात दिला. फुली मारून ठेवलेली, सही कुठे करायची तिथे. रात्री एक तरुण रेसिडेंट डॉक्टर राउंडला आला, इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "ताई, सही करायच्या आधी पायाची अँजिओग्राफी करून घ्या, रक्त कुठे अडलंय ते दिसेल." हे त्याने हळूच का सांगावं लागलं? त्या मुलाचं मी आयुष्यभर देणं लागते, पण ही गोष्ट फाइलवर ठळक लिहिलेली असायला हवी होती!

पायाची अँजिओप्लास्टी, म्हणजे अडलेली धमनी आतून मोकळी करणं, काही कालपरवाची नाही. अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये चार्ल्स डॉटर नावाच्या रेडिओलॉजिस्टने ती पहिल्यांदा केली जानेवारी 1964 मध्ये. पेशंट 82 वर्षांची बाई. पायाला गँगरीन, आणि ती पाय कापायला साफ नाही म्हणत होती. डॉटरने मांडीतली अरुंद झालेली धमनी आतूनच रुंद केली, पायात रक्त उतरलं आणि पुढे मरेपर्यंत ती बाई स्वतःच्या दोन्ही पायांवर चालली. हृदयाची पहिली अँजिओप्लास्टी ग्रुन्झिग नावाच्या डॉक्टरने केली ती 1977 मध्ये. म्हणजे पाय आधी, हृदय नंतर! आज हृदयाचा स्टेंट नौपाड्यातल्या प्रत्येक घराला माहीत आहे, आणि पायाचं म्हटलं की लोक विचारतात, पायालाही करतात?

आईचीही अँजिओप्लास्टी झाली, तेव्हा मी बाहेर बाकावर बसले होते. तिला पूर्ण भूल नव्हती, आत डॉक्टरांशी बोलत होती, त्यांना म्हणे विचारलं, चहा घेतलात का. संध्याकाळी वॉर्डात मी तिच्या पावलावर हात ठेवला. कित्येक महिने बर्फासारखं गार असलेलं पाऊल कोमट लागलं. आई म्हणाली, "आता ठणकत नाही गं." काळं पडलेलं बोट गेलं, ते वाचण्यासारखं नव्हतंच. पाय राहिला.

फायब्रॉइडचंही तेच. गर्भाशयाच्या धमनीत नळी नेऊन जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचे कण सोडतात, गाठींचं रक्त तुटतं, त्या हळूहळू आकसतात, रक्तस्राव आटोक्यात येतो. पॅरिसच्या डॉक्टर रविना यांनी हा उपचार 1995 मध्ये जगापुढे मांडला. पिशवी जागेवर राहते. पहिला दिवस पोटात भयंकर कळा येतात, तापही येतो, हे भाच्यानेच सांगितलं.

मान्य, सगळ्यांना हे चालत नाही. कॅन्सरची शंका असेल तर नाही, पुढे मूल हवं असेल तर विचार वेगळा, काहींना नंतर ऑपरेशन करावं लागतंच. खर्चही आहे. आणि सर्जननी माझ्या ओळखीतले किती जीव वाचवलेत, तेही मी विसरत नाही. पण वहिनींना हे चालेल की नाही हे तपासलंच कोणी नाही. "मुलं झालीत ना" हे काय वैद्यकीय कारण झालं? पुरुषाच्या कुठल्या अवयवाबद्दल असं बोलतील?

भाचा म्हणतो, "मावशी, पेशंट आमच्याकडे दुसऱ्या डॉक्टरने पाठवला तरच येतो. आणि बहुतेक वेळा उशिराच येतो." बऱ्याच ठिकाणी त्यांची स्वतःची ओपीडी नसते. सोनोग्राफीच्या शेजारी तळमजल्यावर कुठेतरी खोली, लोकांना वाटतं हे फोटो काढणारे. घोडबंदर रोडने जा, गुडघे बदला, हृदय तपासा, टेस्ट ट्यूब बेबी, होर्डिंगच होर्डिंग. पाय वाचवता येतो असं एक तरी दिसतं का? आणि हे परिषदेतले विद्वान एकमेकांनाच भाषणं देतात. एक दिवस आमच्यासारख्यांसाठी ठेवा की! तलावपाळीला या, गडकरी रंगायतनला या, मराठीत सांगा. आम्ही येऊ, ऐकू, प्रश्न विचारू.

संध्याकाळी वहिनींकडे जाऊन आले. त्या रडल्या थोड्या, म्हणाल्या, घरात सगळे म्हणतात एकदाची कटकट जाऊ दे. त्यांच्या मिस्टरांनी मात्र नीट ऐकून घेतलं. शनिवारी एमआरआय करतायत, सोमवारची तारीख त्यांनी पुढे ढकलली. रविवारी अकरा वाजता भाचा आमच्या सोसायटीच्या ऑफिसात बसणार आहे. ठाणे, कळवा, मुलुंड, कुठूनही या. पाय कापायची किंवा पिशवी काढायची तारीख मिळाली असेल, तर सगळे रिपोर्ट आणि सोनोग्राफीच्या फिल्म घेऊन या, फक्त मोबाइलवरचे फोटो नकोत. पाय झपाट्याने काळा पडत असेल, ताप असेल, तर मात्र रविवारची वाट बघू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा आणि तिथे पायाची अँजिओग्राफी होईल का ते विचारा. पैसे घेणार नाही तो, मी बजावलंय.