उशाखाली भरलेलं पिस्तूल ठेवू नका: त्या मेसेजला उत्तर

‘मुंबईकरांनो, पोलीस येईपर्यंत वाट बघू नका, आजच शस्त्र घ्या’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या सोसायट्यांच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतोय. खाली सही कुणा ‘निवृत्त अधिकाऱ्याची’, नाव नाही. शस्त्र बाळगणं हा घटनेने दिलेला हक्क आहे, महिला आणि ज्येष्ठांना परवाना लागत नाही, बाकीच्यांना ३० दिवसांत मिळतोच, भरलेलं पिस्तूल उशाखाली ठेवा, चोर घरात शिरला तर बेलाशक गोळी घाला, एकही कलम लागत नाही, असं सगळं त्यात ठासून सांगितलंय.

माझ्या मावशीकडे तो तिच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवरून आला. मंडळातल्या एकीचं मंगळसूत्र भर रस्त्यात खेचलं गेलं, तेव्हापासून मावशी धास्तावलेली आहे. हे खरं का खोटं, असं तिने मला विचारलंच नाही. ती म्हणाली, ‘अगं, तू नेमबाजीच्या रेंजवर जातेस ना, मग मी कुठलं घेऊ ते सांग.’ म्हणजे मेसेज तिला पटून झाला होता. म्हणून हे लिहितेय, आणि संतापून लिहितेय.

आधी उशाखालचा मुद्दा घेते, कारण त्यातून कुणीतरी जिवानिशी जाईल. मेसेजमधलं वाक्य असं: ‘पिस्तूल भरून उशाखाली ठेवा. घरात लहान मुलं असतील तर मॅगझिन काढून ठेवा, म्हणजे पिस्तूल रिकामं.’

साफ चूक. पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे नळीवरचा सरकणारा भाग, मागे ओढून सोडली की मॅगझिनमधलं, म्हणजे मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या पेटीतलं, सगळ्यात वरचं काडतूस पुढे सरकून चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी, जाऊन बसतं. त्यानंतर मॅगझिन काढलंत तरी ते काडतूस तिथेच राहतं. बहुतेक पिस्तुलांत मॅगझिन नसतानाही ट्रिगर दाबला की ती गोळी सुटते. जगभर ‘मला वाटलं रिकामं आहे’ म्हणत माणसं मारली गेली आहेत ती याच एका काडतुसाने. हे माहीत नसलेला माणूस लाखो घरांना पिस्तूल कसं ठेवावं ते शिकवतोय.

रेंजवर पहिल्यांदा गेलात तर गोळी झाडायला नंतर देतात, रिकामं करायला आधी शिकवतात. नळी टार्गेटच्या दिशेला, बोट ट्रिगरच्या बाहेर. आधी मॅगझिन काढायचं. मग स्लाइड मागे ओढून तिथेच अडकवायची. चेंबरमध्ये डोळ्यांनी बघायचं, उजेड कमी असेल तर करंगळी घालून चाचपायचं. क्रम उलटा केला, म्हणजे स्लाइड आधी ओढून सोडली आणि मॅगझिन मागून काढलं, तर एक काडतूस बाहेर पडतं आणि त्याच्या जागी दुसरं आत जातं. बाहेर पडलेलं काडतूस बघून माणसाला वाटतं, झालं रिकामं. आमचे कोच हा क्रम कंटाळा येईपर्यंत करून घ्यायचे. कुणाच्याही हातात पिस्तूल द्यायचं ते स्लाइड उघडी ठेवून, आणि घेणाऱ्याने पुन्हा स्वतः बघायचं, समोर कितीही जुना नेमबाज असो.

आता मावशीचं घर बघा. लालबागची चाळ, एक खोली आणि आत स्वयंपाकघर, मध्ये प्लायवुडचं पार्टिशन. मावशीच्या कुशीत नातू झोपतो, सहा वर्षांचा. मावसभाऊ रात्रपाळीला असतो. पहाटे साडेतीनच्या सुमारास लॅच उघडून, दिवा न लावता, चपला हातात घेऊन आत येतो, कुणाची झोप मोडू नये म्हणून. मेसेज म्हणतो, अंधारात दार उघडलं की गोळी घाला. त्या घरात अंधारात दार रोज उघडतं. आणि पॉइंट ३२ ची (०.३२ इंच जाडीची) गोळी प्लायवुडला अडत नाही, ती पलीकडे जो झोपला असेल त्याच्यापर्यंत जाते. नेमबाजीचा पहिल्या दिवशीचा नियम आहे: टार्गेटच्या मागे काय आहे ते माहीत असल्याशिवाय ट्रिगरला बोट लावायचं नाही. मुंबईतल्या घरात टार्गेटच्या मागे नेहमी कुणीतरी असतंच.

हे कल्पनेतलं भय नाही. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे जुहूला अभिनेते गोविंदा यांच्या पायात त्यांच्याच परवानाधारक रिव्हॉल्व्हरची गोळी घुसली. रिव्हॉल्व्हर ठेवताना हातातून पडलं आणि गोळी सुटली, असं त्यांच्याकडून सांगण्यात आलं. ना चोर, ना हल्ला. त्याच वर्षी फेब्रुवारीत बोरिवली-दहिसर भागात फेसबुक लाइव्ह चालू असताना एका माजी नगरसेवकाला गोळ्या घातल्या गेल्या. पोलिसांच्या म्हणण्यानुसार ते पिस्तूल मारेकऱ्याचं नव्हतं, त्याच्या अंगरक्षकाच्या नावावरचं होतं. परवाना एकाचा आणि हात दुसऱ्याचा, हे इतकं सहज होतं. म्हणूनच शस्त्र सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी २०१६ च्या शस्त्र नियमांनी परवानाधारकावर टाकली आहे. रिकामं करून, कुलपात, काडतुसं वेगळ्या जागी, ही साधी रीत.

यावर कुणी म्हणेल, कुलपात ठेवलेलं पिस्तूल ऐनवेळी काय कामाचं? बरोबर आहे. कुलपात ठेवलं तर वेळेवर हाताशी येत नाही, आणि हाताशी ठेवलं तर नातवाच्याही हाताशी येतं. एका खोलीच्या घरात तिसरी सोय निघत नाही. मावशीला मी नको म्हणाले ते या कारणाने, कायदा त्याच्या नंतर.

आता कायदा. ‘चोर घरात शिरला तर गोळी घाला, आयपीसी कलम १०० नुसार गुन्हा नाही.’ पहिली गोष्ट, आयपीसी, म्हणजे जुनी भारतीय दंड संहिता, १ जुलै २०२४ पासून गेली, तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. स्वसंरक्षणाची कलमं आता ३४ ते ४४. दुसरी, जुनं कलम १०० शरीराच्या बचावाबद्दल होतं, मालमत्तेच्या नव्हे. मालमत्तेसाठी समोरच्याचा जीव जाईपर्यंत बचाव कधी करता येतो ते आता कलम ४१ सांगतं: जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वीची घरफोडी, राहत्या घराला आग लावणं, किंवा साधी चोरी असली तरी तिच्यातून मृत्यूची वा गंभीर दुखापतीची रास्त भीती वाटावी अशी परिस्थिती.

तेव्हा अर्धं सत्य मेसेजमध्ये आहे, ते मान्य करावं लागतं. रात्री कुणी घर फोडून आत शिरलं तर कायदा तुम्हाला हात बांधून बसायला सांगत नाही. २०१० मध्ये दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्वसंरक्षणाची तत्त्वं एकत्र मांडली, ती वाचण्यासारखी आहेत. जिवावर बेतलेल्या माणसाने प्रत्येक घाव मोजूनमापून परतवावा अशी अपेक्षा न्यायालय करत नाही. प्रत्यक्ष इजा होईपर्यंत थांबायचीही गरज नाही, रास्त भीती पुरे. पण तोच निकाल पुढे सांगतो की हा हक्क भीती असेपर्यंतच टिकतो, सूड घ्यायला वापरता येत नाही, आणि गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्कच उरत नाही, हे संहितेच्या कलम ३७ मध्ये स्पष्ट आहे. म्हणजे मोबाइल उचलून जिन्यावरून पळणाऱ्या पोराच्या पाठीत गोळी घातलीत तर तुम्ही खुनाचे आरोपी आहात.

‘एकही कलम लागत नाही’ म्हणणाऱ्याने त्याच खटल्याच्या तारखा बघाव्यात. शेतावरच्या भांडणातली ती घटना १९९१ ची. खालच्या कोर्टाने निर्दोष सोडलं, उच्च न्यायालयाने दोषी ठरवलं, आणि शेवटची सुटका झाली २०१० मध्ये. जो माणूस खरोखरच स्वतःच्या आणि बापाच्या बचावासाठी लढला, असं सर्वोच्च न्यायालयाने मानलं, त्याची ही गत. एफआयआर होतो, शस्त्र जप्त होतं, आणि आपण बचावच करत होतो हे कोर्टात आरोपीला दाखवून द्यावं लागतं. मेसेज लिहिणारा तेव्हा वकिलाचे पैसे द्यायला येणार नाही.

घटनेच्या हक्काचं काय? मेसेज कलम १९ चा हवाला देतो. ते कलम शांततेने आणि शस्त्रांशिवाय एकत्र जमण्याचा हक्क देतं. शस्त्रांशिवाय! जे कलम शस्त्र बाजूला ठेवायला सांगतं तेच शस्त्राच्या बाजूने उभं केलंय. फेब्रुवारी २०२३ मध्ये उत्तर प्रदेशातल्या बेकायदा शस्त्रांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही नोंदवलं की अमेरिकेसारखा शस्त्राचा मूलभूत हक्क आपल्या घटनेने कुणाला दिलेला नाही.

महिलांना आणि ज्येष्ठांना परवाना लागत नाही, हे धादांत खोटं. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं परवाना सक्तीचा करणारं कलम ३ बाई-पुरुष, म्हातारा-तरुण असा भेद करत नाही. बिनपरवाना बंदूक सापडली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षं कैद आहे, पाचपर्यंत जाऊ शकते. कर्नाटकातल्या कोडगूच्या कोडवा लोकांना काही बंदुकांसाठी परवान्यातून सूट आहे, २०२९ पर्यंत वाढवलेली. कुणीतरी तेवढं ऐकून पुढचं स्वतःच जोडलं असावं. वाडवडिलांच्या बंदुकीलाही वारसाच्या नावाने परवाना लागतोच, आणि एका माणसाकडे जास्तीत जास्त दोन शस्त्रं.

३० दिवसांचं असं आहे की पोलिसांनी अर्जावर अहवाल किती दिवसांत द्यावा याची ती मुदत आहे. परवाना द्यायचा की नाही ते त्यानंतर ठरतं, आणि मुंबईत ते पोलीस आयुक्तांच्या अखत्यारीत येतं. कायद्याचं कलम १३ वाचलं तर दिसेल की संरक्षणासाठी परवाना तुलनेने सरळ मिळतो तो किमान वीस इंच नळीच्या बंदुकीला. पिस्तूल-रिव्हॉल्व्हर हवं असेल तर सबळ कारण पटवून द्यावं लागतं. ‘शहरात चोऱ्या वाढल्यात’ हे तसं कारण नाही.

कुठलं घ्यावं यावर मेसेजमध्ये दोन ओळी आहेत आणि दोन्ही वाईट. ‘९ एमएमच घ्या’ म्हणे. सैन्य-पोलिसांची ९ एमएम काडतुसं ज्यात बसतात ती पिस्तुलं प्रतिबंधित वर्गात मोडतात, सामान्य अर्जदाराने त्यांचा विचारही करू नये. दुसरी ओळ ‘महिलांसाठी निर्भीक, पर्समध्ये मावतं’. निर्भीक हे कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्याने २०१४ मध्ये आणलेलं पॉइंट ३२ चं रिव्हॉल्व्हर, वजन अर्ध्या किलोच्या आसपास, आणि तेव्हाच किंमत लाखाच्या वर. परवाना त्यालाही लागतो. शिवाय हलकं रिव्हॉल्व्हर हाताला जास्त झटका देतं; सराव नसलेल्या मनगटातून दुसरी गोळी कुठे जाईल सांगता येत नाही. पर्समध्ये किल्ल्या, रुमाल, औषधं यांच्यात पडलेलं शस्त्र झटापटीत हाती लागण्याआधी पर्सच खेचली जाते. मावशीच्या मैत्रिणीचं मंगळसूत्र गेलं ते मागून आलेल्या मोटारसायकलवरून, डोळ्याचं पातं लवेपर्यंत.

ज्यांना खरोखर धमक्या आहेत, ज्यांचं कामच रोकड किंवा सोनं नेण्याचं आहे, त्यांनी परवाना जरूर मागावा. पण आधी शिकावं, आणि मिळाल्यावर सराव सोडू नये. वरळीच्या रेंजवर या शहराने अंजली भागवतांसारखी नेमबाज घडवली. शिकायची जागा नाही अशी सबब मुंबईत चालत नाही.

कमरेला लावून लोकलमध्ये, बाजारात फिरण्याचा मेसेजमधला सल्ला तर पाळणाऱ्याला अटक करवेल असा. सार्वजनिक जागी शस्त्र पूर्ण झाकलेलं आणि स्वतःच्या ताब्यात असलं पाहिजे, कुणाला दाखवून धाक घालता येत नाही. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मुंबईत शस्त्रबंदीचे आदेश वारंवार निघतात, त्यावर लक्ष ठेवावं लागतं. वरातीत हवेत गोळी झाडली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. एअरगनबद्दल मेसेज थोडा बरोबर आहे: ४.५ मिमीपर्यंतच्या आणि २० जूल ऊर्जेच्या आतल्या एअरगनला परवाना लागत नाही. पण तिचा छर्रा डोळा फोडतो, आणि गर्दीत ती कुणी काढली तर खरी की खोटी हे समोरच्या पोलिसाला कळत नाही.

राहिला मेसेजच्या तळाशी दिलेला मोबाइल नंबर, ‘घरबसल्या परवाना, आगाऊ ४,९९९ रुपये’. मावशी पैसे पाठवण्याच्या बेतात होती, मावसभावाने फोन हातातून घेतला म्हणून वाचले. परवान्याचा अर्ज गृह मंत्रालयाच्या ऑनलाइन यंत्रणेतून होतो, पोलीस चौकशी तुमच्या हद्दीच्या ठाण्यातून होते, आणि कुणा खासगी माणसाच्या खात्यात पैसे भरून परवाना मिळत नाही. तुमच्या घरातल्या कुणी भरले असतील तर लाज न बाळगता १९३० वर लगेच फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी ती रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त.