‘दोन तास एका खोलीत कोंडा’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

मांजरवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर या पावसाळ्यात एक मजकूर जोरात फिरतोय. मथळा आहे ‘नवीन पिल्लू, जुनी मांजर : दोन तासांत मैत्री!’ आणि खाली सात उपाय. ते थोडक्यात असे. दोघांना जंतुनाशक टाकलेल्या पाण्याने अंघोळ घाला आणि एकच पावडर लावा. मग एका खोलीत कोंडा, दोन तास दार उघडू नका. मोठी फिस्कारली तर नाकावर टिचकी मारा. एकाच ताटलीत जेवायला द्या, शी-लघवीचा ट्रेही एकच ठेवा. भाटी असेल तर ती पिल्लाची आई होते, बोका असेल तर पिल्लू मारतो. मोठी रुसून जेवली नाही तर लक्ष देऊ नका, भूक लागली की खाईल. आणि आठवड्यात जमलं नाही तर पिल्लू जिथे सापडलं तिथे परत ठेवून या.

हा मजकूर माझ्या मावशीपर्यंत पोचला. तिची मनी म्हातारी आहे, आजवर घरात एकटी वाढलेली. परवाच्या पावसात पार्किंगमध्ये स्कूटरखाली भिजत बसलेलं पिल्लू मावशीने वर आणलं. चांगलंच केलं. मी फोनवर सांगत होते की आधी दोघांना वेगळं ठेव, तर ती म्हणाली, “अगं, डॉक्टरांनीच लिहिलंय ते, दोन तासांत होतं म्हणे.” कुठल्या डॉक्टरांनी, ते त्या मजकुरात कुठेही नाही. माझा फोन गेला तेव्हा दोघींना कोंडून झालं होतं आणि अंघोळीची बादली भरलेली होती. म्हणून आधी बादलीबद्दल.

पाण्यात टाकलं की दुधासारखं पांढरं होतं ते जंतुनाशक मांजराच्या अंगाला लावायचं नाही. थोडंसं नाही, पातळ करूनही नाही. त्यात क्लोरोक्झायलेनॉल असतं, म्हणजे फिनॉलच्या जातीचं रसायन. माणसाचं यकृत अशा रसायनांना ग्लुकुरोनिक आम्ल जोडतं आणि लघवीवाटे बाहेर काढतं. मांजरात हे काम करणाऱ्या एका महत्त्वाच्या एन्झाइमचं जनुकच निकामी आहे, आणि हे घरच्या मांजरापुरतं नाही, वाघ-सिंहांसकट सगळ्या मार्जारकुळात तसंच आहे. त्यामुळे आपल्याला निरुपद्रवी वाटणारी मात्रा मांजराच्या शरीरात साचते. आपल्या डोकेदुखीची पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, त्यामागेही हीच उणीव आहे. त्यात अंघोळ झाल्यावर मांजर काय करतं? अंगावरचा केस न् केस चाटून काढतं. म्हणजे जे कातडीवर घातलं ते सगळं पोटात. तोंडात फोड येतात, लाळ गळते, चाल अडखळते. पाव-अर्धा किलोच्या पिल्लाला ओलं करून गारठवणं हा वर आणखी एक धोका.

ज्यांनी हे आधीच केलं असेल त्यांनी लक्षणांची वाट बघू नये. कोमट पाणी आणि सौम्य साबणाने ते धुऊन काढा, कोरड्या टॉवेलात गुंडाळून ऊब द्या, चाटू देऊ नका आणि सरळ प्राण्यांच्या डॉक्टरांकडे न्या. बाटली सोबत न्या, म्हणजे त्यांना घटक वाचता येतील. घरी उलटी करवायच्या भानगडीत पडू नका. फिनाइलने पुसलेल्या ओल्या फरशीचंही हेच आहे. मांजर त्यावरून चालतं आणि पंजे चाटतं.

अंघोळ-पावडरीच्या या मुद्द्यात एक अर्धसत्य आहे, ते मान्य करायला हवं. मांजरं ‘आपलं’ आणि ‘परकं’ वासावरून ठरवतात. गालाच्या बाजूला त्यांच्या गंधग्रंथी असतात, आणि एकत्र राहणारी मांजरं एकमेकांना गाल घासतात ती घराचा एक सामायिक वास तयार करण्यासाठी. तेव्हा वासाची ओळख आधी करून द्यावी हे खरंच. पण त्यासाठी पावडर नको. पावडर दोघांचाही वास झाकते, मनीला स्वतःच्याच अंगाचा वास ओळखू येत नाही आणि ती आणखी बिथरते. एक स्वच्छ सुती फडकं पिल्लाच्या गालांवर हलकेच फिरवायचं आणि मनीच्या ताटलीपासून हातभर लांब ठेवायचं. मनीचं फडकं पिल्लाकडे. फडक्याकडे बघून ती फिस्कारली तर फडकं आणखी लांब सरकवायचं. खर्च शून्य.

आता कोंडण्याबद्दल. या मजकुराचा कणा तोच आहे आणि सर्वांत जास्त नुकसानही त्यानेच होतं. त्यामागची कल्पना अशी, की भांडू द्या, जोर संपला की आपोआप मैत्री होते. हे तपासलं गेलेलं आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी निवाऱ्यातून मांजर दत्तक घेऊन आधीच्या मांजराच्या घरात आणणाऱ्या लोकांचा अभ्यास केला आणि तो 2005 साली ‘अप्लाइड अ‍ॅनिमल बिहेवियर सायन्स’ या नियतकालिकात छापून आला. सुमारे निम्म्या लोकांनी सांगितलं की सुरुवातीलाच ओरबाडणं-चावणं झालं. आणि ज्या घरांत पहिली भेट वाईट झाली, त्या घरांत पुढे महिने उलटल्यावरही भांडणं चालू असण्याचं प्रमाण जास्त होतं. पहिल्या भेटीत भांडून घेतलं की नंतर शांतता, असं झालं नाही. फॉरवर्ड सांगतो त्याच्या बरोबर उलट चित्र आहे. अमेरिकेतल्या मांजरांच्या डॉक्टरांच्या संघटनेने 2024 साली घरातल्या मांजरांमधल्या तणावावर मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांचाही भर नव्या मांजराची ओळख टप्प्याटप्प्याने करून देण्यावर आहे.

मावशीने त्या दोन तासांनंतर मला फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, “बघ, दोघी किती शांत.” मी तो फोटो मोठा करून पाहिला. पिल्लू पलंगाखाली चपलांच्या खोक्यामागे. मनी खिडकीखालच्या कोपऱ्यात, चारही पाय पोटाखाली घेतलेले, शेपूट अंगाला घट्ट लपेटलेली, कान बाजूला चपटे, आणि भर दुपारी खिडकीच्या उजेडात डोळ्यांच्या बाहुल्या एवढ्या मोठ्या की पिवळा रंग नुसता कडेला उरलेला. उजेडात मांजराच्या बाहुलीची बारीक उभी फट व्हायला हवी. ही मांजर शांत नव्हती, ती भीतीने गोठली होती. भीतीतल्या मांजरापुढे सहसा तीन वाटा असतात : पळणं, उंचावर चढणं, लपणं. कोंडलेल्या खोलीत यातली एकही नीट मिळत नाही, आणि मग उरतं ते पंजा मारणं किंवा निपचित बसणं. निपचित बसली की लोक म्हणतात, जमलं.

मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिकी रानमांजर, एकेकट्याने शिकार करणारं. मोकळी मांजरं कळपाने राहतात, नाही असं नाही. मुंबईच्या ससून डॉकवर, मासळी उतरते तिथे, जाऊन बघा. पण जिथे खाणं भरपूर तिथे ती जमतात, तिथे नात्यातल्या माद्या एकत्र असतात, आणि नको असेल तेव्हा बाजूला व्हायला जागा असते. बंद दाराआड त्यांना कुणी बसवलेलं नसतं.

“अगं पण वन-बीएचकेत वेगळं ठेवू कुठे?” हा मावशीचा प्रश्न मला रास्त वाटतो, आणि फॉरवर्ड लोकप्रिय होण्याचं कारणही तेच आहे. बेडरूम पिल्लाची. तिथेच त्याचं खाणं, पाणी, ट्रे, आणि लपायला आडवं ठेवलेलं खोकं. उरलेलं घर मनीचं, कारण ते आधीपासून तिचं आहे. गॅलरीत पिल्लू ठेवू नका, गजांतून सहज खाली पडतं. साधारण दोन आठवडे तरी असं चालवा, आणि त्याला स्वभावाइतकंच दुसरं एक कारण आहे : रस्त्यावरून आलेल्या पिल्लाकडून येणारे आजार. पॅनल्युकोपेनिया हा कुत्र्यांच्या पार्व्होसारखा मांजरांचा विषाणूजन्य आजार, लस न घेतलेली पिल्लं त्यात दोन-तीन दिवसांत जाऊ शकतात, आणि त्याचे विषाणू घरात वर्षभरही टिकू शकतात. शिवाय सर्दीचे विषाणू, गजकर्ण, जंत, पिसवा. आधी डॉक्टरांकडे तपासणी. सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून ट्रायकॅटची, म्हणजे पॅनल्युकोपेनिया आणि सर्दीच्या विषाणूंविरुद्धची लस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढचे डोस, रेबीजची वेगळी. मनीचे बूस्टर राहिले असतील तर तेही याच फेरीत.

वेगळं ठेवण्याच्या काळात फडक्यांची अदलाबदल चालू ठेवायची. मग बंद दाराच्या दोन बाजूंना दोघींच्या ताटल्या, आधी दारापासून लांब, रोज वीतभर जवळ. मनी दाराला नाक लावूनही सहज खायला लागली की मगच दिसू द्यायचं. त्यासाठी आपल्याकडच्या घरांत एक सोय असते, जाळीचं सेफ्टी डोअर. आतल्या दाराला नसेल तर डासांची जाळी चौकटीत ताणून बसवा. जाळीआडून बघणं जमलं की पाच-दहा मिनिटांची समोरासमोर भेट. पिल्लाला आधी दोरीमागे पळवून दमवलेलं असावं, म्हणजे ते मनीच्या शेपटीवर झेप घेणार नाही. भेट चांगली चाललेली असतानाच संपवायची. किती दिवस लागतील? कुठे आठवडा, कुठे दोन महिने. मनी जेवायची थांबली, टक लावून बघायला लागली, की एक पायरी मागे. कॅलेंडर बघून पुढे सरकायचं नाही.

आणि खरंच जुंपली तर मध्ये हात घालू नका. पुठ्ठा किंवा उशी मध्ये सरकवा. मांजराचे सुळे बारीक आणि खोल जातात. चावलं तर साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा, कारण रस्त्यावरच्या पिल्लाची रेबीजची लस झालेली नसते.

बाकीचे मुद्दे पटापट. नाकावर टिचकी : फिस्कारणं म्हणजे ‘लांब राहा’ असं सांगणं. त्याने भांडण टळतं. त्यासाठी मार बसला तर मनी दोनच गोष्टी शिकते, पिल्लू आलं की मार बसतो, आणि पुढच्या वेळी सूचना न देता पंजा मारायचा. तोंडावर पाणी मारणंही त्यातलंच. एकच ताटली, एकच ट्रे : मांजरं वाटून खाणारी नाहीत. ताटल्या लांब-लांब आणि ट्रे मांजरांपेक्षा एक जास्त, म्हणजे दोघींना तीन, तेही एका रांगेत नकोत. एक मांजर पॅसेजमध्ये नुसती आडवी बसूनही दुसरीची ट्रेची वाट अडवते, आणि आपण समजतो की दुसरी ‘मुद्दाम’ गादीवर करते.

भाटी आई होते आणि बोका मारतो, हेही अर्धवट आहे. एकत्र राहणाऱ्या माद्या एकमेकींची पिल्लं पाजतात हे खरं, पण त्या बहुधा नात्यातल्या आणि स्वतः व्यालेल्या असतात. नसबंदी झालेल्या, एकट्या वाढलेल्या मनीला अनोळखी पिल्लाबद्दल माया वाटेलच असं काही नाही. नसबंदी न झालेल्या परक्या बोक्यांनी पिल्लं मारल्याच्या नोंदी आहेत, तेवढं मान्य. म्हणून घरातल्या प्रत्येक बोक्याला खुनी ठरवायचं कारण नाही. नसबंदी झालेले कित्येक बोके पिल्लाशी भाटीपेक्षा लवकर खेळायला लागतात. दोघांना सुरुवातीला देखरेखीशिवाय एकत्र सोडू नये, हा नियम मात्र भाटी-बोका दोघांनाही सारखाच.

‘रुसून जेवली नाही तर लक्ष देऊ नका’ हे वाचून मला सगळ्यात जास्त राग आला. मांजर रुसत नाही, तिला ताण येतो, आणि ताणाने तिचं खाणं बंद होतं. काही दिवस पोटात अन्न गेलं नाही तर अंगातली चरबी यकृतात साचायला लागते, यकृत काम सोडतं, कावीळ होते, आणि मग नळीने भरवायची वेळ येते. गुबगुबीत मांजरांना हा धोका जास्त. मोठ्या मांजराने पूर्ण दिवस तोंडात काही घातलं नाही तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. पिल्लाच्या बाबतीत तेवढंही थांबायचं नाही. घरात बोका असेल तर ट्रेकडेही लक्ष हवं. ताणाने मूत्राशयाला सूज येते, बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते, आणि ती तुंबली तर एक-दोन दिवसांत जीव जातो. सारखा ट्रेमध्ये जाऊन जोर करतोय, ओरडतोय आणि लघवी होत नाहीये, असं दिसलं तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी निघायचं.

राहिला शेवटचा मुद्दा, पिल्लू परत ठेवून येण्याचा. आठवडाभर घरात हाताने भरवलेलं पिल्लू पुन्हा पार्किंगमध्ये सोडलं तर त्याला ना आई सापडते ना खाणं. उपाशी-तहानलेलं राहील अशा परिस्थितीत प्राणी सोडून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 खाली गुन्हा आहे, आणि हा मजकूर तो लोकांना उपाय म्हणून सांगतो. दोघींचं खरोखरच नाही जमलं, आणि असं होतं, तर पिल्लाला लस देऊन, जंताचं औषध देऊन दुसरं घर शोधा. घर मिळेपर्यंत बेडरूम त्याची. कित्येक घरांत दोन मांजरं आयुष्यभर एकमेकींना नुसतं चालवून घेतात, एक पलंगावर, एक फ्रिजवर, आणि दोघी नीट जेवतात-झोपतात. त्यालाही जमलंच म्हणतात.