मालकांचा प्रतिसाद : 400 पट आणि 70 पट

नमस्कार ताई,

तुम्हाला काउंटरवर ताटकळावं लागलं, नाराज होऊन गेलात, त्याबद्दल दिलगीर आहे. पण 'शाळेचा मायक्रोस्कोप 400 पट मोठं दाखवतो आणि त्याहून महाग टेलिस्कोप फक्त 70 पट, ही सरळ फसवणूक' असं एक स्टार देऊन लिहिलंत, ते फार लागलं.

ताई, या दोन यंत्रांची कामंच उलटी आहेत. मायक्रोस्कोपमध्ये वस्तू भिंगाला जवळजवळ टेकलेली असते, मोठ्या पॉवरला मधे मिलिमीटरभरही जागा उरत नाही. उजेड कमी पडला तर खालून दिवा लावता येतो. म्हणून पुढचं भिंग चिमुकलं, फोकल लेन्थ (भिंगापासून उजेड एका बिंदूत गोळा होतो तिथवरचं अंतर) जेमतेम 4 मिमी. ते 40 पट मोठं करतं, वर आयपीस (डोळा लावायचं भिंग) 10 पट, झाले 400.

शनीला स्लाइडवर कसं ठेवणार? त्याचा जो उजेड इथवर पोचतो तोच गोळा करायचा. म्हणून टेलिस्कोपचं पुढचं भिंग रुंद आणि लांब फोकल लेन्थचं. तुमचं 70 मिमी रुंद आहे. अंधारात डोळ्याची बाहुली 7 मिमी उघडली असं धरलं तरी तिच्या 100 पट उजेड ते घेतं. किंमत त्या भिंगाची आहे. त्याची फोकल लेन्थ 700 मिमी, आयपीसची 10 मिमी; 700 भागिले 10, झाले 70 पट. एवढ्यात शनीची कडी दिसते.

आमच्या मुलाने 4 मिमीचा आयपीस द्यायला नकार दिला, हीही तुमची तक्रार. त्या आयपीसने 175 पट झालं असतं. 70 मिमीच्या भिंगाला साधारण 140 पर्यंतच झेपतं, पुढे चित्र नुसतं मोठं आणि पुसट होतं. विकून पैसे घेता आले असते, घेतले नाहीत.

घेताना दुकानाच्या पायरीवर ट्रायपॉड लावून समोरच्या टाकीवरची अक्षरं तुमच्या चिरंजीवांनी स्वतः वाचली होती, आरशातल्यासारखी उलटी, पण स्पष्ट. घरी तुम्ही हॉलच्या बंद काचेतून बघितलंत, हे तुम्हीच सांगितलंत. खिडकीच्या काचेतून कुठलाही टेलिस्कोप नीट दाखवणार नाही.

बॉक्ससोबत मराठीत माहिती द्यायचं आमचं चाललंच आहे. एखाद्या संध्याकाळी टेलिस्कोप घेऊन या, लावून दाखवतो. फक्त 'फसवणूक' तेवढं काढाल का? नवीन गिऱ्हाईक आधी तेच वाचतं.