ट्यूब्युलर टायरचे पंक्चर निघत नाही, हे खरे नाही

शर्यतीच्या सायकलीच्या, रिमला चिकटवून बसवायच्या ट्यूब्युलर टायरविषयी सायकलस्वारांमध्ये एक मजकूर वारंवार फिरतो. त्याचा आशय असा : या टायरची ट्यूब आत बंद असल्यामुळे पंक्चर झाले की टायर कचऱ्यात जातो, फार तर सीलंट (भोक आतून बुजवणारा द्रव) घालून पाहावे, आणि कोणी उसवून पुन्हा शिवलाच, तर तो वेगात फुटतो किंवा रिमवरून निसटतो. या तिन्ही विधानांत थोडेथोडे तथ्य आहे आणि बहुधा म्हणूनच ती टिकून आहेत.

ट्यूब बंद असते हे खरे, पण ती बंद केलेली असते शिवणीने. कापडी कवच ट्यूबभोवती गुंडाळून रिमकडच्या अंगाने शिवलेले असते आणि त्या शिवणीवर एक पट्टी चिकटवलेली असते. अमेरिकेत या टायरला ‘सो-अप’ म्हणतात ते या शिवणीमुळेच. (फ्रेंच लोक त्याला ‘ब्वायो’, म्हणजे आतडे म्हणतात. रिमवरून काढलेला, हवा गेलेला ट्यूब्युलर ज्याने हातात धरला आहे, त्याला हे नाव वेगळे समजावून सांगावे लागत नाही.)

दुरुस्तीतला खरा अवघड भाग शिवणकाम नसून भोक शोधणे हा आहे. टायर पाण्यात बुडवला की बुडबुडे पुष्कळदा व्हॉल्व्हपाशी येतात आणि नवखा माणूस तिथेच उसवायला बसतो; प्रत्यक्षात ट्यूबमधून सुटलेली हवा कवचाच्या आतून फिरत जाऊन जिथे वाट मिळेल तिथून बाहेर पडत असते. म्हणून आधी बाहेरच्या रबरावर काच, तार किंवा बाभळीचा काटा शोधावा. जागा निश्चित झाली की तिथली दहा-बारा सेंटीमीटर पट्टी हलकेच सोलावी, शिवणीवर आडव्या खुणा पेनने कराव्यात, म्हणजे दोन्ही कडा नंतर जशाच्या तशा जुळतात, आणि ट्यूबला धक्का न लावता एकेक टाका वर उचलून कापावा. ट्यूब ब्यूटिलची, म्हणजे नेहमीच्या कृत्रिम रबराची असेल तर पॉलिश पेपर, सोल्युशन आणि पातळ पॅच एवढे पुरते. लॅटेक्सची, म्हणजे जास्त ताणल्या जाणाऱ्या नैसर्गिक रबराची असेल तर पॅचही जुन्या लॅटेक्स ट्यूबचाच कापावा, कारण लॅटेक्स जितके ताणले जाते तितका नेहमीचा पॅच ताणला जात नाही आणि त्याच्या कडा सुटू लागतात. नंतर शंखजिरे लावून ट्यूब आत सारावी आणि चांभार वापरतात तसल्या मेण लावलेल्या मजबूत दोऱ्याने जुन्याच भोकांतून टाके घालावेत. नवी भोके पाडली तर कवचाचे धागे तुटतात.

हे काम रस्त्याच्या कडेला होत नाही, हे मान्य. तिथे खोगिराखाली बांधलेला दुसरा टायर चढवायचा असतो, आणि टूर द फ्रान्सच्या सुरुवातीच्या दशकांतले स्पर्धक जादा टायर खांद्यांवरून तिरपे अडकवून फिरत ते याचसाठी. काढून ठेवलेला टायर मात्र घरी येऊन दुरुस्त होतो.

सीलंटविषयी थोडक्यात. बारीक भोकाला ते चालते, मोठ्या चिरेला चालत नाही. चेक प्रजासत्ताकातील टुफो कंपनीच्या ट्यूब्युलरमध्ये वेगळी ट्यूब आणि शिवण नसते, त्यामुळे तिथे सीलंटवाचून पर्यायच उरत नाही. फिरणाऱ्या मजकुराने या एका बनावटीचा नियम सगळ्या ट्यूब्युलरना लावलेला दिसतो.

आता शिवण फुटण्याची भीती. आठ बार दाब आणि आतली त्रिज्या ११ मिलिमीटर धरली, तर शिवणीच्या प्रत्येक सेंटीमीटरवर साधारण नऊ किलोग्रॅम वजनाइतका ताण येतो. सेंटीमीटरला तीन टाके घातले तर एका टाक्याच्या वाट्याला तीन किलो आले. हा भार मजबूत दोरा सहज पेलतो. शिंप्याकडचा सुती दोरा पेलेल असे मात्र कोणी समजू नये.

निसटण्याचा धोका मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. २००३ च्या टूरमध्ये फ्रान्समधल्या गॅप गावाकडे उतरताना स्पॅनिश स्पर्धक जोसेबा बेलोकी पडला आणि त्याच्या मांडीचे हाड मोडले, तेव्हा वितळलेले डांबर, जोराचा ब्रेक आणि रिमवरून सुटलेला मागचा टायर असा सगळा योग जुळून आला होता. पण टायर रिमवर धरून ठेवते ते सिमेंट (टायर चिकटवायचा गोंद), शिवण नव्हे. दुरुस्ती करणाऱ्यांची चूक होते ती एका वेगळ्याच ठिकाणी : रिमला सिमेंटचे दोन-तीन पातळ थर देऊन चोवीस तास थांबण्याची काळजी ते घेतात, पण सोललेली पट्टी कवचावर परत चिकटवताना घाई करतात. पट्टीच कवचापासून सुटली, तर रिमवरचे उत्तम सिमेंट फक्त पट्टीला धरून ठेवील आणि टायर वळणावर मोकळा होईल. म्हणून पट्टीला आणि कवचाला दोन्हीकडे कॉन्टॅक्ट सिमेंट लावून, ते सुकू देऊन, मगच दाबून बसवावे.

उरला प्रश्न परवडण्याचा, आणि त्याचे उत्तर टायरगणिक बदलते. सरावाच्या स्वस्त टायरसाठी दीड-दोन तास घालवण्यात अर्थ नाही. कवचाचे धागेच कापले गेले असतील किंवा बाजू कुजली असेल, तर महागडा टायरही टाकून द्यावा. धड सुती कवचाचा टायर मात्र मी उसवतो, शिवतो आणि पुढच्या चाकाला न घालता मागच्या चाकाला चढवतो.