शेपटीचा प्रश्न

4 जुलैची, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाची मिरवणूक होऊन पाच दिवस लोटले, तरी माझी मान दुखायची थांबलेली नाही आणि त्या आजोबांवरचा रागही उतरलेला नाही. ओहायोतल्या आमच्या गावातील लॉजचा (लॉज म्हणजे सभासदांच्या मंडळाची स्थानिक शाखा; नाव सांगत नाही, शुक्रवारी तिथेच मासे खायला जायचे आहे) नेहमीचा अस्वलवाला गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे घरी बसला आणि नवा सभासद असलेला मीच त्या अस्वलाच्या पोशाखाच्या मापाचा निघालो.

अमेरिकेतील अशा मंडळांना प्राण्यांचे वेड जुनेच. न्यूयॉर्कमध्ये रविवारच्या दारूबंदीला बगल देणाऱ्या नटमंडळींनी 1868 मध्ये रीतसर संस्था काढली, तेव्हा तिच्या नावासाठी एल्क (एक मोठे हरीण) की रानरेडा यावर मतदान होऊन एल्क 8 विरुद्ध 7 मतांनी निवडून आला. 1888 मध्ये लुईव्हिलला मूस या दुसऱ्या थोराड हरणाच्या नावाचे मंडळ अवतरले. आमच्या लॉजच्या नावात मात्र एकही जनावर नाही. हे अस्वल सेलमध्ये मिळाले होते, आणि त्याची शेपूट हरवल्यामुळे कोणीतरी दुसऱ्याच पोशाखाची हातभर लांब, पट्टेदार शेपूट त्याला शिवली होती.

आतल्या माणसाने बोलायचे नाही, हा नियम. बँकेच्या कोपऱ्यावर मिरवणूक अडली आणि अस्वलाच्या जबड्यातून मला घडीच्या खुर्चीत बसलेले एक पोट दिसले.

“हे अस्वल नव्हे,” पोट म्हणाले. “काळ्या अस्वलाची शेपूट बोटभर असते. चाळीस वर्षे शिकार केली आहे मी. तू बीव्हर आहेस का?”

मी नकारार्थी मान हलवली. पण ते अवजड डोके एकदा हलले की थांबेना, आणि लहानपणी सांगलीत दारावर येणारा नंदीबैल ‘पाऊस पडेल का’ या प्रश्नाला जसा डोलत असे, तसाच मीही होकारार्थी डोलू लागलो.

“बीव्हरची शेपूट चपटी असते!” आजोबा कडाडले. “मग रॅकून?”

माझी बाजू सांभाळण्यासाठीच नेमलेला स्वयंसेवक नम्रपणे म्हणाला, “त्याला स्वतःलाही नक्की माहीत नाही.”

एवढ्यात त्यांच्या नातवाने वाद मिटवण्यासाठी शेपूट धरून ओढली आणि ती उसवून त्याच्या हातात आली. आजोबांनी मला मागून निरखले आणि समाधानाने म्हणाले, “आता अस्वल दिसतोस.”

नातू शेपूट घेऊन गेला. आज सकाळी लॉजचा ईमेल आला: शेपटीचे अठरा डॉलर भरावेत. नव्वद फॅरनहाइटच्या उन्हात दीड मैल चालल्याबद्दल आभाराचा एक शब्दही त्यात नाही. नेमक्या कोणत्या प्राण्याच्या शेपटीचे पैसे भरायचे, एवढेच मी उलट विचारले आहे; अजून उत्तर नाही.