कातर रे भाजी

'टेन्शन घेऊ नको' हे मला गेल्या दोन वर्षांत निदान दोनशे लोकांनी सांगितलं असेल, पण न घ्यायचं म्हणजे नक्की करायचं काय, ते एकानेही सांगितलं नाही. जसं काय मीच बाजारात जाऊन अर्धा किलो टेन्शन तोलून आणते. सांगणारी माणसं वाईट नसतात, त्यांना दुसरं काय बोलावं ते सुचत नाही एवढंच. पण ज्याच्या छातीत धडधडतंय त्याला ते ऐकून वर आणखी एक टेन्शन येतं, की बघ, हे साधं टेन्शन न घेणंसुद्धा आपल्याला जमत नाही.

माझं सुरू कसं झालं ते आधी सांगते. तुळशीचं लग्न होऊन आठेक दिवस झाले असतील. नेहमीसारखी माशेलहून स्कूटर घेऊन पणजीला ऑफिसला निघालेले, बाणस्तारी, जुनं गोवा, रायबंदर, आणि रायबंदर संपल्यावर तो लांबलचक कॉजवे लागतो ना, पोर्तुगिजांनी 1630च्या दशकात बांधलेला, जवळजवळ 3 किलोमीटर सरळ रस्ता, उजवीकडे मांडवी आणि डावीकडे मिठागरं, तिथे अर्ध्यावर एकदम हात गार पडले. घसा कोरडा, हृदय कानात वाजतंय, बोटांना मुंग्या, आणि डोक्यात एकच, की मी आता इथे मरणार आणि डब्यातली भाजी फुकट जाणार. हसू नका, खरंच डब्याचा विचार आला. कशीबशी स्कूटर बाजूला घेतली. तिथे एक म्हातारा मांडवीत गरी (मासे धरायचा गळ) टाकून बसलेला, त्याने वळून बघितलं आणि 'बाय, उदक जाय?' एवढंच विचारलं. काय झालं, कोणाला फोन करू का, असलं काही नाही. बाटली दिली आणि परत गरीकडे बघत बसला. मीपण त्याच्या गरीच्या दोरीकडे बघत बसले. दहा-पंधरा मिनिटांनी वादळ ओसरलं, अंगातलं सगळं बळ गेल्यासारखं झालं, पण मेले नाही.

मग अर्थातच हार्टच असणार म्हणून पळापळ. ईसीजी काढला, रक्त तपासलं, थायरॉईड बघितलं (हे बघावंच, थायरॉईड वाढलेलं असलं तरी अशीच धडधड होते, नुसतं मनाचं म्हणून सोडून देऊ नये). सगळं नॉर्मल. डॉक्टरांनी रिपोर्ट हातात दिले आणि म्हणाले, टेन्शन घेऊ नका. दोनशे एक.

नंतर कळलं की ह्याला पॅनिक अटॅक म्हणतात, आणि तो साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो नि मग आपोआप उतरतो. हे आधी माहीत असतं तर माझी अर्धी भीती वाचली असती. शरीर फसलेलं असतं हो. समोर वाघ आहे असं समजून ते ॲड्रेनलिन सोडतं, हृदय पळवतं, रक्त हातापायाच्या स्नायूंकडे पाठवतं, पोटाचं काम थांबवतं, म्हणून पोटात गोळा येतो. पळायची सगळी तयारी चोख, फक्त वाघ नाही. आणि वाघ दिसला नाही की आपण तो शोधायला लागतो, म्हणजे हार्ट, कॅन्सर, मुलीचं शिक्षण, घराचा हप्ता. मन चिंती ते वैरी न चिंती.

आता शीर्षकाकडे येते. पणजीला जुन्या सचिवालयाच्या बाजूला आबे फारियाचा पुतळा आहे, ती जमिनीवर पडणारी बाई आणि तिच्यावर हात रोखून उभा असलेला पाद्री. लहानपणी मी त्याला घाबरायचे. पुतळा 1945 मधला, मडकईच्या रामचंद्र पांडुरंग कामतांनी केलेला. फारिया आपल्या कांदोळीचा, जन्म 1756चा, पुढे पॅरिसला जाऊन संमोहनावर काम केलं. त्याची एक गोष्ट गोव्यात सगळे सांगतात. तरुणपणी लिस्बनला राणीसमोर प्रवचन द्यायला उभा राहिला आणि समोरचे बडे बडे लोक बघून त्याची वाचाच बसली. बाप जवळच होता, तो हळूच कोकणीत पुटपुटला, 'ही सगळी भाजी, कातर रे भाजी.' आणि पोरगा धडाधड बोलायला लागला.

ही गोष्ट मी शंभर वेळा ऐकलेली, पण तिचा अर्थ मला ह्या सगळ्यानंतर लागला. बापाने 'घाबरू नको' म्हटलं नाही. त्याने पोराला काम दिलं. कातर. भीती जाऊ दे मग बोल असं नाही, भीती असेना का तिथे, तू कातर.

मी हे शब्दशः घेतलं. संध्याकाळी घरी आल्यावर हुरहूर सुरू झाली की मी तांबडी भाजी घेऊन आदोळीवर बसते (आदोळी म्हणजे विळी, गोव्याबाहेरच्यांसाठी सांगितलं). जुडी सोडायची, मुळं तोडायची, किडकं पान बाजूला, कोवळे देठ ठेवायचे, जून टाकायचे, मग तीन पाण्यांतून धुवायची कारण माती तळाला बसते आणि पहिलं पाणी बघून वाटतं झाली, पण झालेली नसते. मग मूठ गच्च धरून बारीक चिरायची. आदोळीवर मूठ धरलेली असताना ईएमआयचा विचार करून बघा, बोट जाईल. भाजी होईपर्यंत धडधड कुठे गेली ते कळत नाही. कधी कधी जात नाही, पण निदान भाजी तरी होते.

दुसरं म्हणजे श्वास. 'दीर्घ श्वास घे' हे सगळे सांगतात आणि ते अर्धवट आहे. घाबरलेला माणूस आधीच भसाभस हवा आत ओढत असतो, त्यात आणखी ओढली तर चक्कर आणि मुंग्या वाढतात. काम श्वास सोडण्यात आहे. बाहेर सोडताना हृदयाचा वेग थोडा कमी होतो, म्हणून घेताना 4 आकडे आणि सोडताना 6, असं पाच मिनिटं. मला आकडे मोजायचा कंटाळा येतो, म्हणून मी शुक्रवारी बायकांच्या भजनाला जायला लागले. लांब आळवलेली ओळ म्हणजे काय, लांब सोडलेला श्वासच की. माझा आवाज म्हणजे फाटका बांबू, पण टाळांच्या आवाजात खपून जातो. देवाबद्दल माझं मत विचारू नका.

सगळ्यात मोठी चूक मात्र मी वेगळीच केली. त्या दिवसानंतर कॉजवे सोडला. बायपासने, कदंब पठारावरून जायला लागले आणि घरी सांगितलं की तो रस्ता बरा आहे. पहिल्या दिवशी काय सुटल्यासारखं वाटलं! तिथेच फसले. टाळल्यावर जे हायसं वाटतं ना, त्यातून मेंदू शिकतो की कॉजवे खरंच धोक्याचा होता, बघ टाळला म्हणून वाचलो. महिनाभरात बायपासलाही घाबरायला लागले, मग लिफ्टला, मग बँकेतल्या रांगेला. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो हाच, आपण पळतो म्हणून तो मागे लागतो. परत यायला चार महिने लागले. आधी कदंबच्या (म्हणजे आमच्या सरकारी) बसमध्ये खिडकीला बसून, मग नवऱ्याच्या मागे बसून, मग रविवारी सकाळी सातला रस्ता रिकामा असताना एकटी. अर्ध्यावर धडधड आलीच. थांबून श्वास सोडला, येऊ दे म्हटलं, गेले पुढे.

चहा पाचावरून दोनवर आणला, दुपारी तीननंतर बंद. कॅफीनचा अर्धा भाग उतरायलाच पाचेक तास लागतात आणि त्याची धडधड नि भीतीची धडधड ह्यात शरीराला फरक कळत नाही. आणि 'झोपताना थोडी फेणी घे गे, गाढ झोप लागेल' सांगणारे काकालोक प्रत्येक घरात आहेत. झोप लागते, पण उत्तररात्री मोडते आणि सकाळी घालमेल दुप्पट. हे अनुभवाने सांगते, पुढे विचारू नका.

एक वहीपण आहे, किराण्याचीच. दिवसभर काळजी आली की एक ओळ लिहायची आणि तिला सांगायचं, सहाला ये. सहाला अर्धा तास बसून सगळ्या वाचायच्या. निम्म्या तोवर शिळ्या झालेल्या असतात. उरलेल्या खऱ्या असतात, बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन वगैरे, त्यांच्यापुढे उद्या कोणाला फोन करायचा ते लिहायचं.

आणि हे सगळं करून भागत नसेल, झोप उडाली असेल, कामावर जाता येत नसेल, जगणंच नको वाटत असेल, तर भाजी चिरत बसू नका, माणसाकडे जा. बांबोळीला मानसोपचार संस्था आहे. तिचं नाव काढलं की आपल्याकडे लोक आधी दाराबाहेर बघतात कोणी ऐकलं तर नाही ना. टेली मानस ह्या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आहे, फुकट, दिवसरात्र, ऑक्टोबर 2022 पासून चालू. मीही सहा-सात वेळा समुपदेशनाला गेले. गोळ्या लागल्या नाहीत, पण लागल्या असत्या तर घेतल्या असत्या. माझ्या मैत्रिणीला दिल्या, तिला फरक पडायला महिना लागला, आणि मध्येच स्वतःच्या मनाने बंद करायच्या नसतात हे तिला आधीच नीट सांगितलेलं.

गंमत म्हणजे ह्या बाबतीत आपला गोवा जगाच्या पुढे आहे आणि आपल्यालाच पत्ता नाही. इथली 'संगत' संस्था 1996 पासून काम करते. त्यांनी गोव्यातली 24 केंद्रं घेऊन, निम्मी सरकारी आणि निम्मी खासगी, एक अभ्यास केला, तो 2010ला लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात आला. डॉक्टर नसलेल्या साध्या माणसांना शिकवून डिप्रेशन आणि अँग्झायटीच्या पेशंटशी बोलायला बसवलं, आणि सरकारी केंद्रांत पेशंट जास्त बरे झाले. म्हणजे ऐकून घेणारं माणूस शिकवून तयार करता येतं. मला तो गरीवाला म्हातारा आठवतो, त्याला कोणी काहीच शिकवलेलं नव्हतं.

बाकी, माशेल बाजूचं कोणी संध्याकाळी चालायला येत असेल तर खाली सांगा. आम्ही तिघी देवकीकृष्णाच्या देवळाकडून साडेपाचला निघतो, पाऊस नसला तर. वेग फार नाही, आणि वाटेत एकीला भजी खायची असतात.