फळ्यावरचं उतरवून घेताना

फळ्यावरचं वहीत उतरवायला एखाद्या मुलाला अख्खा तास लागला की आपण चटकन म्हणतो, "लक्ष नाही याचं." प्राथमिकला शिकवताना पहिली काही वर्षं मीही हेच म्हणायचे. मग एकदा दुसरीतल्या एका मुलाच्या शेजारी बाकावर जाऊन बसले आणि नुसती बघत राहिले. मान वर, एक अक्षर बघितलं. मान खाली, ते लिहिलं. पुन्हा मान वर, तर आपण कुठे होतो तेच सापडेना. बोटाने हवेतच ओळ शोधत होता. वर्गात सगळ्यात जास्त तोच राबत होता हो!

दुसऱ्या दिवशी तोच मजकूर मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून वहीशेजारी ठेवला आणि ओळीखाली धरायला पट्टी दिली. काने-मात्रे निसटले, पण तास संपायच्या आत लिहून झालं.

"मग बाकीच्यांवर अन्याय नाही का?" असं मला एका पालकांनी विचारलं. मला त्या दिवशी झाडाचे भाग त्याला कळलेत का ते बघायचं होतं, उतरवण्याचा वेग नव्हे. शेजारच्या मुलीनेही कागद मागितला, तिलाही दिला. दोन दिवसांत तिने आपणहून परत केला. तिला त्याची गरजच नव्हती.

१८९६ साली प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाबद्दल लिहिलं होतं. मुलगा हुशार, गणितात पटाईत, पण वाचता येईना. सगळं तोंडी शिकवलं असतं तर हा शाळेत सगळ्यांत हुशार ठरला असता, असं त्याचे शिक्षक म्हणायचे. हे वाचलं तेव्हा मला गलबलून आलं. शिक्षकांना तेव्हाही कळत होतं. आपण मात्र अजून पहिली परीक्षा लेखीच घेतो.

आणखी एक सवय मी मुद्दाम लावून घेतली, थांबण्याची. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षण-संशोधिकेने वर्गांचा अभ्यास केला तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात असं दिसलं. तीन सेकंद थांबलं की उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलतात. मी मनात आकडे मोजते. पहिल्या बाकावरचे हात खाली करायला सांगावं लागतं, ते अवघड जातं.

"तपासणीचा अहवाल येऊ दे, मग बघू" हे वाक्य मात्र मला आता सहन होत नाही. वाचन-लेखनातली अडचण शोधणारी तपासणी हवीच, पण कागद आणि पट्टी द्यायला कुणाच्या सहीची गरज नाही. आणि शाळेत अशा मुलांना शिकवणाऱ्या विशेष शिक्षिका असतील तर त्यांनी मुलाला वर्गाबाहेर नेण्याऐवजी आत येऊन बसावं. भरलेल्या वर्गात एकटीने प्रत्येकाच्या शेजारी बसणं मला जमत नाही. दुसरं कुणी असलं तर निदान रोज एका बाकावर तरी बसता येईल.